वैमानिकाचं पहिलं वर्ष : लाखाचा पगार आणि पहाटेची झोप

'वैमानिकाला पगार किती असतो हो?' हा प्रश्न आपल्या सदराकडे नेहमी येतो. या वेळी तो त्र्यंबकेश्वरहून आलाय. नववीतल्या एका वाचकमित्रानं लिहिलंय, "मला प्रवासी विमानाचा वैमानिक व्हायचंय. बाबा म्हणतात, वेळ आली तर जमिनीचा तुकडा विकू. पण आईचे दोन प्रश्न आहेत. पहिल्या वर्षी हातात किती पडतील? आणि घरी कधी येशील?"

त्र्यंबकच्या मुलाला उडण्याचं वेड असायचंच! शेजारच्या अंजनेरीवर हनुमानाचा जन्म झाला असं मानतात आणि त्यानं तर लहानपणीच सूर्याकडे झेप घेतली. फरक एवढाच, की हनुमानाला परवाना काढावा लागला नव्हता. आपल्याला तो लागतो आणि आईच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वय किमान १८ वर्षं हवं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ही वर्षानुवर्षांची अट. डॉक्टरी तपासणी कडक. लेखी परीक्षा असतात आणि लहान विमानावर २०० तास उडावं लागतं. धुळ्याला 'बॉम्बे फ्लाइंग क्लब'ची मुलं शिकतात, गोंदियाजवळ बिरसीलाही मोठी संस्था आहे. हे २०० तास म्हणजे पेट्रोल, विमान, शिक्षक, राहणं. सगळं मिळून खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. शिवाय एअरबस किंवा बोइंगसारखं मोठं विमान चालवायचं तर त्या जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. त्याचे आणखी काही लाख.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, ५० लाखांचं कर्ज काढलं, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं. हप्ता किती येईल? दरमहा सुमारे ६६ हजार रुपये! दहा वर्षांत बँकेला परत जातील साधारण ७९ लाख. म्हणजे व्याजच २९ लाख झालं.

मग पगार? एअर इंडियानं एप्रिल २०२३ मध्ये नवे पगार जाहीर केले होते. त्यात शिकाऊ वैमानिकाला महिना ५० हजार होते आणि सर्वांत वरच्या कप्तानाला साडेआठ लाखांपर्यंत. वर्तमानपत्रात ठळक छापून येतो तो दुसरा आकडा. पण तिथं पोचायला बरीच वर्षं लागतात. सुरुवातीला ५० हजार आणि हप्ता ६६ हजार, हे गणित जुळतं का? नाही ना? शिकाऊपण संपलं आणि माणूस सहवैमानिक म्हणून रुजू झाला, की पगार लाखाच्या पुढे जातो, तेव्हा कुठं हप्ता भरून हातात काही उरतं.

हे शिकाऊपण म्हणजे काय, तेही पाहा. नोकरी लागली म्हणजे दुसऱ्या दिवशी विमान हातात दिलं, असं नसतं. आधी वर्ग, मग सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच हलणारी विमानाची खोटी खोली. तिथं इंजिन बंद पडणं, धुकं, आग अशा सगळ्या आपत्ती मुद्दाम आणतात. मग प्रत्यक्ष प्रवासी विमानात प्रशिक्षक कप्तानाच्या शेजारी बसून उड्डाणं करायची आणि परीक्षा द्यायच्या. यात महिने जातात.

बरं, नोकरी लगेच लागते असंही नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमानं थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. अशा वेळी अनुभवी वैमानिकही नोकरीच्या रांगेत उभे राहतात आणि नवा परवाना घेतलेली मुलं त्या रांगेत मागं जातात. हप्ता मात्र रांगेत थांबत नाही, बरं का!

पगाराची आणखी एक गंमत सांगतो. त्र्यंबकच्या मित्रांना ती लवकर कळेल. श्रावणात देवळाबाहेरच्या फुलं-प्रसादाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी दुकानदार माश्या मारत बसतो. वैमानिकाच्या पगाराचंही थोडं तसंच असतं. त्यातला एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा भाग जितके तास उडाल तितका. एअर इंडियानं २०२३ मध्ये 'उडा अगर न उडा, इतक्या तासांचा भत्ता नक्की' ही मर्यादा २० तासांवरून ४० वर नेली होती. यावरूनच कळतं, की या भत्त्याला किती महत्त्व आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद होती. तास नाहीत, तर तासांचे पैसे कुठले?

आणि 'तास' म्हणजे तरी कोणते? विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू आणि मुक्कामी जाऊन थांबलं की बंद. पहाटे उठणं, विमानतळावर पोचणं, हवामानाचे कागद वाचणं, उशिरा आलेल्या विमानाची वाट बघणं, हे उड्डाणाच्या तासांत धरत नाहीत. स्टँडवर उभ्या टॅक्सीवाल्याचा मीटर पडत नाही, तसंच हे.

आता आईचा दुसरा प्रश्न. घरी कधी येशील?

नमुन्यादाखल एक दिवस पाहा. मुंबईहून पावणेसहाचं विमान आहे. तासभर आधी, पावणेपाचला हजेरी. गाडी न्यायला येणार साडेतीनला. म्हणजे उठायचं अडीच-तीनला. मग मुंबई-नागपूर-मुंबई, पुन्हा मुंबई-गोवा-मुंबई. दुपारी सुटका. परवा कदाचित संध्याकाळी सुरू होणारी आणि मध्यरात्रीनंतर संपणारी पाळी. एखाद्या दिवशी नुसतं 'स्टँडबाय', म्हणजे बॅग भरून, गणवेश इस्त्री करून फोनची वाट बघायची. बोलावलं तर पळायचं. दिवाळी, गणपती, मे महिना, म्हणजे तुम्हाला सुट्टी असते तेव्हा विमानं भरलेली असतात. तेव्हा रजा मिळणं कठीण आणि नव्या माणसाचा नंबर बहुतेक शेवटी लागतो.

यातली खरी अडचण उठण्याच्या आळसाची नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी तुमच्यापैकी काहींनी केली असेल. रविवारी रात्री कुशावर्तावर स्नान करून लोक निघतात. वीस किलोमीटरची ती वाट. सुरुवातीला सगळे उत्साहात, भजनं चाललेली. आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला काय होतं? चालता चालता पेंग येते. बोलणं तुटक होतं. समोरचा खड्डा दिसतो, पण पाय वेळेवर उचलत नाही. शरीरातलं घड्याळ तेव्हा 'झोप, झोप' म्हणत असतं. विमानशास्त्रात पहाटे २ ते ६ हा काळ सर्वांत नाजूक धरलाय. फेरीत पेंग आली तर फार तर ठेच लागेल. विमानात मागं दोनशे माणसं बसलेली असतात.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरला धावपट्टीबाहेर जाऊन दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत कळलं, की कप्तान प्रवासात बराच वेळ झोपले होते आणि उठल्यावर त्यांचं भान पुरतं जागं झालेलं नव्हतं. शेजारचे सहवैमानिक मात्र पुन्हा वर चला म्हणून सांगत होते. कप्तानापेक्षा हाताखालचा माणूस बरोबर होता, हे लक्षात ठेवा.

त्याच्या आदल्या वर्षी, १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान पडून ५० जण मेले. मुख्य कारण कप्तानाची चुकीची हाताळणी. पण तिथली सहवैमानिक तरुणी आई-वडिलांच्या गावी, देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. पगार तुटपुंजा होता आणि रात्रभर विमानांतून प्रवास करत ती कामावर पोचली होती. नव्या वैमानिकांचा पगार आणि झोप यावर तिथं मोठी चर्चा झाली आणि पुढं कायदे बदलले.

आपल्याकडेही नियम आहेत. आठवड्यात ३५ आणि वर्षात १००० तासांहून जास्त उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीच्या पाळीत विमान उतरवायचं सहाऐवजी फक्त दोन वेळा. ते २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. एकेकाला जास्त विश्रांती द्यायची तर वैमानिक जास्त लागणार, हे उघड आहे. इंडिगोची ती तयारी पुरी पडली नाही आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांची हजारो उड्डाणं रद्द झाली. कंपनीला काही काळ सवलतही द्यावी लागली. विमानतळांवर अडकलेले लोक चिडले, ते साहजिकच होतं. पण त्या नियमांमागं वैमानिकाची झोप होती आणि झोपेमागं त्याच लोकांचे जीव होते.

आता आईचे दोन्ही प्रश्न एकत्र ठेवून पाहा. नियम म्हणतो, थकलेल्या वैमानिकानं उडू नये, तसं स्पष्ट सांगावं. पण ज्याच्या डोक्यावर ६६ हजारांचा हप्ता आहे, ज्याचे पैसे तासांवर मोजले जातात आणि ज्याची नोकरी नवीकोरी आहे, त्याला 'आज माझी झोप झालेली नाही, मी उडणार नाही' हे म्हणणं किती जड जात असेल! म्हणून मित्रांनो, कर्ज किती काढायचं हा नुसता घरखर्चाचा प्रश्न नाही. 'नाही' म्हणण्याची ताकद उरेल, इतकंच ओझं घेऊन विमानात बसायला हवं.

मग स्वप्न सोडायचं का? मुळीच नाही! सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये सगळ्या महिला कर्मचारी असलेलं विमान कप्तान म्हणून कोलकात्याहून सिलचरला नेलं. तेव्हा वाट याहून अवघड होती. फक्त पावलं क्रमानं टाका. जमीन विकण्याआधी डॉक्टरी तपासणी करून घ्या. डोळ्यांत किंवा कानांत काही दोष निघाला, तर पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. संस्थेत नाव घालण्याआधी विचारा, '२०० तास पुरे व्हायला किती महिने लागतात? मागच्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली?' जाहिरातीवर जाऊ नका, शिकणाऱ्या मुलांना भेटा. कर्ज काढायचंच तर नोकरीशिवायचं एक वर्ष निभेल, इतकी पुंजी बाजूला राहू द्या. आणि एक वाट बिनफीचीही आहे. बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएत निवड झाली, तर हवाई दलाचं विमान सरकारी खर्चानं शिकता येतं. २०२२ पासून तिथं मुलींनाही प्रवेश आहे. पण ती सैन्याची नोकरी आहे, हे समजून जायचं.

या आठवड्याचा गृहपाठ. सात दिवस रोज किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात आणि दुसऱ्या दिवशी गणितात किती चुका झाल्या, हे वहीत लिहा. कमी झोपेच्या दिवशी चुका वाढतात का ते स्वतःच पाहा. शिवाय ५० लाखांऐवजी ३० लाखांचं कर्ज असेल, तर हप्ता किती येईल ते मोठ्यांच्या मदतीनं काढा. दोन्ही उत्तरं आमच्याकडे पाठवा.

पुढच्या आठवड्यात भेटू, विमान जमिनीवरून सांभाळणाऱ्या इंजिनिअरला!