विश्वासाची सावड

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलगा पुण्यास जातो. वर्षा-दोन वर्षांत त्याची प्रार्थना सुटते, उपासनेस जाणें सुटतें, आणि पालक खेदानें म्हणतात, "शहराच्या वाऱ्यानें त्याचा विश्वास गेला." हें निदान आम्हांस मान्य नाहीं. जें मूळ धरून असतें तें एका वाऱ्यानें उपटत नाहीं. आपण ज्यास विश्वास समजत होतों ती बहुधा केवळ वसतिगृहाची घंटा होती. घंटा थांबली, तेव्हां गुडघे टेकणेंही थांबलें.

नांवानें ख्रिस्ती असणें निराळें व विश्वास असणें निराळें. ह्याचें उदाहरण शोधावयास आम्हां सुपेकरांस दूर जावयास नको. चौफुल्याच्या वाटेनें पुढें गेलें कीं केडगांव लागतें. तेथील मुक्ति मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. परंतु ख्रिस्ताची खरी ओळख आपणांस त्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं झाली, असें त्यांनीं पुढें निःसंकोचपणें लिहून ठेविलें. एवढ्या विदुषीस जर आपला विश्वास तपासून पाहावा लागला, तर ज्यांचें नांव जन्मतःच मंडळीच्या वहींत लागलें, त्यांनीं तो तपासूं नये काय?

तपासावयाचा कसा? आज्ञापालनानें. शुभवर्तमानांतील दोन पुत्रांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे. "जातों" म्हणून न जाणाऱ्यापेक्षां, "जात नाहीं" म्हणून मागाहून मळ्यांत गेलेला पुत्रच बापाचें ऐकणारा ठरला. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व उपासमारीनें गांजलेल्या विधवा व मुली यांस घेऊन आल्या. पुढें उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या बायकांस समजेल अशा मराठींत त्यांनीं पवित्र शास्त्राचें भाषांतर चालविलें. जुलै १९२१ मध्यें एकुलती कन्या मनोरमाबाई निवर्तली. तरी हातचें काम सुटलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, त्यापूर्वीं भाषांतर पुरें झालें होतें. मन उचंबळून आलें म्हणजे विश्वास आहे असें नव्हे. मन खचलें असतांही आजचें काम आज होतें, तेथें तो आहे.

आज्ञापालन म्हणजे आंधळी ताबेदारी मात्र नव्हे. इंग्लंडांतील आपल्या गुरुस्थानीं असलेल्या स्त्रियांशीं रमाबाईंनीं धर्मतत्त्वांविषयीं निर्भीडपणें वाद केला. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें शंका विचारली तर त्यास दटावूं नये. जो विचारतो तो अद्याप घरांतच आहे. मुकाट्यानें उठून गेलेल्याची चिंता अधिक करावी.

कित्येक म्हणतात, विश्वास ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. कोणाचा विश्वास दुसऱ्यानें धरावयाचा नसतो, हें खरेंच. परंतु शेतही ज्याचें त्याचेंच असतें. ज्याच्या घरीं एकच बैल असे, तो शेजाऱ्याच्या बैलाशीं सावड करी. आज ह्याचें रान, उद्यां त्याचें. ट्रॅक्टर आल्यापासून ती चाल विरळ झाली, तरी वडील माणसांस ती ठाऊक आहे. सावड केल्यानें कोणाचें शेत दुसऱ्याचें झालें नाहीं. उलट, तीमुळें अनेकांच्या पेरण्या वेळेवर झाल्या. १९०५ च्या आरंभीं रमाबाईंनीं रोजच्या प्रार्थनेसाठीं सोबतिणी मागितल्या, तेव्हां सुमारें सत्तर जणी पुढें आल्या. पुढें ही संख्या वाढत गेली. इतक्या खंबीर बाईसही सोबत हवी होती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतही एकमेकांस प्रतिदिवशीं बोध करण्याची सूचना आहे, ती उगीच नव्हे.

तेव्हां, विद्यार्थ्यांनो, एका शहरास जाणाऱ्या दोघांतिघांनीं आठवड्यांतून एकदां तरी एकत्र बसावें. जो आला नाहीं, त्याच्या खोलीवर जावें. पालकांनीं दूरध्वनीवर गुण व जेवणखाण विचारतांना, "तुझ्याबरोबर प्रार्थनेस कोण असतो?" हेंही विचारावें, आणि घरीं आपली प्रार्थना चालू ठेवून मगच विचारावें. विश्वासांत टिकण्यास अद्भुत सामर्थ्य लागतें असें आम्हांस वाटत नाहीं. आजची आज्ञा आज पाळावी आणि शेजाऱ्याचा बैल अडला असतां आपला सोडून द्यावा, एवढें पुरे. तेवढें करण्याची बुद्धि प्रभु आम्हां सर्वांस देवो.