मॅरेक्ससाठी एक माणूस

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला आणि ठाणे जिल्ह्याची सगळी यंत्रणा हलली. परिसरातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारायचे ठरले. ही तातडी योग्यच होती, कारण तो रोग माणसालाही लागू शकतो. मॅरेक्स हा कोंबड्यांचा दुसरा रोग मात्र माणसाला लागत नाही. जगभरच्या कोंबड्यांत तो ठाण मांडून आहे, पण कल्याण-डोंबिवलीच्या चिकनच्या दुकानावर त्याने गर्दी कमी होत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. अशा रोगावर आयुष्य घालवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव तरी कुणाला कसे ठाऊक असणार?

हा हर्पिस कुळातल्या विषाणूचा आजार. कोंबडी आधी लंगडते, मग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहते. शवविच्छेदनात यकृतात, प्लीहेत, अंडाशयात गाठी सापडतात. विषाणू पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि कोंड्याबरोबर झडतो. खुराड्याच्या धुळीत तो महिनोन्महिने टिकतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आसपास विकला जातो, त्यामुळे त्याच्यात हा रोग दिसायला फारसा अवधीच मिळत नाही. मार बसतो तो अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला आणि मुरबाड-शहापूरच्या अंगणातल्या गावठी कोंबडीला. तिच्यावर कित्येक महिन्यांचा दाणा खर्च झालेला असतो, आणि नेमकी ती अंड्यावर येण्याच्या सुमारास लुळी पडते.

बुडापेस्टच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये अशा पांगळ्या कोंबड्यांची नोंद केली. विषाणू हाती लागायला १९६७ उजाडले. इंग्लंडमधल्या हॉटन संशोधन केंद्रात चर्चिल आणि पीटर बिग्ज या शास्त्रज्ञांनी तो वेगळा केला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच लस आली आणि लशीने कर्करोग रोखता येतो हे पहिल्यांदा सिद्ध झाले. माणसाच्या वैद्यकाआधी हे कोंबडीच्या वैद्यकात घडले, याचा पशुवैद्यकांनी खुशाल अभिमान बाळगावा. पुढे १९८२ मध्ये जगदेव शर्मा आणि बर्मेस्टर यांनी अंड्यातल्या गर्भालाच लस देता येते हे दाखवले. आज मोठ्या हॅचऱ्यांत तेच काम यंत्रे करतात.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, हे इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेत वर्षानुवर्षे कोंबड्यांच्या विषाणूंवर काम केलेल्या वेणुगोपाल नायर यांच्यासारख्यांमुळे कळले. केरळात पशुवैद्यक शिकलेला हा माणूस. अँड्र्यू रीड आणि नायर यांच्या गटाचा २०१५ चा निबंध सांगतो की, लस कोंबडीला वाचवते, पण विषाणूचे बाहेर पडणे थांबवत नाही. अतिजहाल वाणाची लागण झालेली बिनलशीची कोंबडी दहाएक दिवसांत मरते आणि फारसा विषाणू पसरवत नाही. लस घेतलेली जगते आणि तोच जहाल वाण आठवडेच्या आठवडे झाडत राहते. म्हणून लस बंद करा, असा अर्थ यातून कुणी काढू नये. लशीविना हा धंदा उभाच राहणार नाही. पण लस मिळालेल्या शेडमधून निघालेली धूळ लस न मिळालेल्या अंगणात पोहोचली तर भोगणार कोण, हे उघड आहे. खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी ही लस क्वचितच टोचली जाते.

विषाणू बदलतो आहे, आणि तो किती बदलला हे एखाद्या साथीपुरत्या धावपळीतून कळत नाही. त्यासाठी तेच गाव, तेच कळप, तोच विषाणू दरवर्षी तपासणारा माणूस लागतो. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे, पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळा आहे. यांपैकी एका ठिकाणच्या तरुण संशोधकाला मॅरेक्सचे काम सोपवावे आणि वीस वर्षे त्याची बदली करू नये. त्याच्या निष्कर्षांची वाट न पाहता एक गोष्ट मात्र आजच करता येईल. मॅरेक्सची गोठवून सुकवलेली, साध्या फ्रीजमध्ये टिकणारी लस अस्तित्वात आहे. ती पाच-पन्नास पिल्लांच्या छोट्या कुपीत शहापूर-मुरबाडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठेवावी.