लाईव्ह विक्रीला पत्ता हवा

नवरात्राआधीचे पंधरा-वीस दिवस बडोद्याच्या मंगळ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चनिया-चोळी, केडियू, ऑक्सिडाइज्ड दागिने यांनी दुकाने दारापर्यंत भरलेली असतात आणि मांडवीच्या बाजूने गर्दीचा लोंढा येतच राहतो. याच दिवसांत आता दुसरा एक बाजार रात्री साडेनऊनंतर, जेवणे उरकली की मोबाइलवर भरतो. दिवाणखान्याच्या भिंतीला साधा पडदा, समोर रिंग लाइट, स्टँडवर फोन आणि बाजूला साड्यांच्या थप्प्या. "कोड बारा. रामा ग्रीन, काठ चार इंची, ब्लाउज पीस रनिंग. हवी असेल त्यांनी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप करा." खाली कॉमेंट पळत असतात: "पदर दाखवा ना ताई", "पुण्याला कुरिअर होईल?", "बेन, बीजो कलर छे?" मिनिटभरात "बारा बुक झाली" असे ऐकू येते आणि पुढची साडी उलगडते.

हा धंदा कुण्या मोठ्या कंपनीने उभा केलेला नाही. मराठी घरांत साड्यांचे गाठोडे घेऊन येणारी, पैसे हप्त्याने घेणारी ओळखीची बाई पिढ्यान्‌पिढ्या होतीच. भिशीच्या दिवशी साड्या पाहणे आणि शेजारणीच्या भरवशावर घेणे, हेही जुनेच. फोनने त्या बाईला गल्लीबाहेरचे गिऱ्हाईक मिळवून दिले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून माल विकणाऱ्या लाखो गृहिणी जोडल्या. २०१६ मध्ये यूपीआय आले, २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले आणि २०२० च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या कुटुंबांना या सगळ्याची सवय झाली. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि तिथला प्रेक्षक रील्स व शॉर्ट्सकडे वळला.

बडोद्याला यात एक खास फायदा आहे. साड्यांची मोठी घाऊक पेठ असलेले सुरत रेल्वेने अवघ्या दोनेक तासांवर आहे. सकाळच्या गाडीने जाऊन माल आणायचा, संध्याकाळी फोटो काढायचे आणि रात्री लाईव्हला बसायचे, हे एका माणसाला जमण्यासारखे आहे. दुकानाची पागडी नाही, गुमास्ता नाही, भाडे नाही. नोकरीसाठी घराबाहेर पडणे जिला शक्य नाही, त्या बाईच्या हातात यातून स्वतःचा पैसा येतो. या धंद्याचे स्वागत करायला एवढे कारण पुरेसे आहे.

मोठ्या कंपन्यांना मात्र हे गणित तितकेसे सुटलेले नाही. मिंत्राने २०२१ मध्ये आणि ॲमेझॉनने २०२२ मध्ये भारतात लाईव्ह विक्री सुरू केली. यूट्यूबने २०२१ मध्ये सिमसिम ही व्हिडिओवरून विक्री करणारी भारतीय कंपनी विकत घेतली आणि पुढे तिचे ॲप बंद केले. मेटाने फेसबुकवरची लाईव्ह खरेदीची सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि इन्स्टाग्रामवरची मार्च २०२३ मध्ये गुंडाळली. घरगुती लाईव्ह मात्र वाढतच राहिले. गिऱ्हाईक तिथे ॲपसाठी जात नाही. ते माणसासाठी जाते. रोज तोच चेहरा दिसतो, तोच आवाज ऐकू येतो, नाव घेऊन चौकशी होते. या धंद्याचे खरे भांडवल विश्वास हे आहे.

आणि धोकाही तिथेच आहे. चेहरा ओळखीचा होतो, पण माणूस कोण, राहतो कुठे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. पानावर एक टोपणनाव, एक व्हॉट्सॲप नंबर आणि एक क्यूआर कोड असतो. किंमत विचारली की "डीएम करा". बिल मागितले की "आम्ही बिल देत नाही". प्रोफाइलवर वाक्य असते: "नो रिटर्न, नो एक्सचेंज, अनबॉक्सिंग व्हिडिओ कंपल्सरी". साडी निघाली दुसऱ्याच पोताची, तर आधी उत्तरे उशिरा येतात, मग नंबर ब्लॉक होतो. पाच-सहाशे रुपयांसाठी कोण भांडणार, म्हणून बहुतेक जणी गप्प बसतात.

पैठणीचेच बघा. येवल्याची हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल पडद्यावर सारखीच झळकते. हातमागावर विणलेल्या पैठणीत पदरावरचे मोर-पोपट उलट्या बाजूनेही तसेच स्वच्छ दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथे गुंफलेला असतो. यंत्रमागाच्या पदरामागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. दुकानात बाई पदर उलटून बघते, बोटाने चाचपते. लाईव्हमध्ये ते विक्रेतीच्या हातात असते आणि "फक्त दोनच पीस उरलेत" ही घाई मागे लागलेली असते. ज्या विक्रेत्या आपणहून पदर उलटून दाखवतात आणि सिल्क मार्कचे लेबल कॅमेऱ्यासमोर धरतात, त्यांचे कौतुक व्हायला हवे. सगळ्या तसे करत नाहीत.

कायदा याबाबत मुका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि जुलै २०२० चे ई-कॉमर्स नियम ऑनलाइन विक्रीलाही लागू आहेत. कुणी घरातली एखादी जुनी वस्तू विकली, तर गोष्ट वेगळी. पण नियमित धंदा करणाऱ्याला, मग तो एका खोलीतून का असेना, हे नियम टाळता येत नाहीत. एकूण किंमत उघड सांगावी लागते. माल सदोष असेल, दाखवला तसा नसेल, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. अनबॉक्सिंग व्हिडिओ पुरावा म्हणून चांगला. पण तो नसला म्हणजे ग्राहकाचा हक्क संपला, असे कायदा कुठेही म्हणत नाही. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात खोटी घाई ही एक आहे. पैसे घेऊन एखाद्या मालाची भलामण करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने तसे सांगणे बंधनकारक आहे, आणि लाईव्हमध्ये ती सूचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यावर दिसायला हवी, असे जानेवारी २०२३ ची मार्गदर्शिका म्हणते.

तक्रारीची वाटही सोपी झाली आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तो दाद मागू शकतो. बडोद्याच्या बाईला सुरतला किंवा जयपूरला खेपा घालाव्या लागत नाहीत. तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल होते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावायलाच हवा असेही नाही.

एवढे सगळे असून गाडी अडते ती एका रकान्यापाशी. तक्रारीत विरुद्ध पक्षाचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो. आयोगाची नोटीस जायची कुठे? इन्स्टाग्रामच्या हँडलवर ती बजावली जात नाही. म्हणजे ग्राहकाला कायद्याने दिलेले सगळे हक्क एका पत्त्यावाचून कागदावरच राहतात. म्हणूनच या धंद्यात आज सर्वांत आधी कुठली गोष्ट हवी असेल, तर ती विक्रेत्याचे खरे नाव आणि खरा पत्ता.

विश्वासाला कायद्याचा आधार लागतो, हे बडोद्याला कुणी नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांच्या राज्यात आधी १८९७ चा कंपनी कायदा झाला आणि त्या कायद्याखाली २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. आधी नियम, मग लोकांचा पैसा, असा तो क्रम होता. मोबाइलवरच्या बाजारात तो उलटा झाला आहे. पैसा आधी गेला. नियम आहेत, पण ते विक्रेत्याच्या दारापर्यंत पोचत नाहीत.

विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवण्याची सक्ती पहिल्यांदा व्हायला हवी ती समाजमाध्यमांवर. "आम्ही केवळ माध्यम, विक्री आमच्याकडे होत नाही" हा बचाव आता पुरे. मेटा २०१९ पासून भारतात राजकीय जाहिरात देणाऱ्याची ओळख तपासून घेते. शेअर बाजाराशी संबंधित जाहिराती देणाऱ्यांची पडताळणी २०२५ मध्ये सेबीच्या आग्रहामुळे सुरू झाली. जे मतांच्या आणि शेअरच्या बाबतीत जमते, ते साडीच्या बाबतीत न जमायला कारण नाही. नियमित विक्री करणाऱ्या प्रत्येक बिझनेस खात्यावर पडताळलेले नाव, पत्ता आणि तक्रारीचा संपर्क दिसलाच पाहिजे, असा आदेश केंद्राने काढावा. चीनने २०२१ मध्ये लाईव्ह विक्रीचे नियम केले तेव्हा विक्रेत्यांची खरी ओळख तपासण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर टाकली. इंडोनेशियाने सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या विक्री व्यवहारांवर थेट बंदी घातली, टिकटॉक शॉप बंद झाले. पण डिसेंबरमध्ये ते टोकोपेडिया या तिथल्याच ई-कॉमर्स कंपनीच्या साथीने पुन्हा उघडले. बंदीचा उपयोग झाला नाही. ओळखीची सक्ती हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सरकारलाही आपल्या बाजूने एक पाऊल टाकावे लागेल. बडोद्यातल्या मराठी विक्रेतीचे निम्मे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत, नाशिकला असणे स्वाभाविक आहे; माहेर-सासर, नातीगोती तिकडची. पण वस्तू राज्याबाहेर विकली की, ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर, उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला मात्र चाळीस लाखांपर्यंत ती लागत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली, पण तीही राज्याच्या सीमेपर्यंतच. महिन्याला वीस-पंचवीस साड्या विकणारी बाई या कटकटीला घाबरून नाव लपवते, आणि तिच्या आडोशाला खरा ठकही लपतो. लहान विक्रेत्यांना आंतरराज्य विक्रीतही सूट द्यावी. मग पत्ता लिहायला कुणी कचरणार नाही. खाद्यपदार्थांच्या बाबतीत असा सोपा रस्ता आधीच आहे. घरगुती फराळ, मसाले, लोणची विकणाऱ्यांना एफएसएसएआयची मूलभूत नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत मिळते. तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापला की गिऱ्हाइकाचा भरवसा वाढतोच.

ग्राहकांनी एकजूट दाखवली तर काय होते, याचा धडा मराठी माणसाने घालून दिलेला आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले, एकत्र मागणी नोंदवून महिन्याचे सामान रास्त भावात घरपोच आणले. १९७८ पासून अहमदाबादेत ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्र काम करते आहे. बडोद्यातली महिला मंडळे, भिशीचे गट, सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप यांनी एवढेच ठरवावे की ज्या पानावर नाव, पत्ता आणि किंमत नाही, त्याची लिंक ग्रुपवर टाकायची नाही. प्रामाणिक विक्रेतीचा यात फायदाच आहे. आज ती ठकांच्या रांगेत उभी आहे. पत्ता लिहिला की वेगळी दिसेल.

ऑर्डर देण्याआधी पदराची उलटी बाजू बघायला मागा, किंमत सर्वांसमोर विचारा, बिल मागा आणि पत्ता मिळाल्याशिवाय क्यूआर कोड स्कॅन करू नका. माल वाईट निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन नंबरच बंद झाला असेल, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.