परतीचे तिकीट खिशात ठेवून

जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी धर्मोपदेशक बिली ग्रॅहम मुंबईत आले, तेव्हा शहर वेगळ्याच कारणाने पेटले होते. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या नेहरूंच्या घोषणेने लोक रस्त्यावर उतरले होते, गोळीबार होत होता. जाहीर सभा रद्द झाली आणि पाहुणे पुढच्या दौऱ्याला लागले. कोट्टायमला मात्र अलोट गर्दी जमली. गंमत अशी की, केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरा अमेरिका नावाच्या देशापेक्षा शेकडो वर्षांनी जुनी!

आज असे दौरे ग्रॅहम यांच्यासारख्या नामवंतांपुरते उरलेले नाहीत. अमेरिकेतील लहानमोठी चर्चेस दरवर्षी आठ-पंधरा दिवसांसाठी माणसे परदेशी धाडतात. भाषा दुभाष्याची, जेवण यजमानांचे, छायाचित्रे मात्र पाहुण्यांची. त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला शंका नाही, घाईबद्दल आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, तो १६१९ मध्ये मरेपर्यंत इथलाच झाला. ‘क्रिस्तपुराण’ त्याने मराठी ओवीत रचले. त्याच्या हेतूंविषयी वाद घालता येईल, पण तो आधी भाषा शिकला.

पाहुण्यांनी यावे, राहावे, ऐकावे. विमानभाड्यातले चार पैसे स्थानिक पाळकाच्या तुटपुंज्या मानधनाकडे वळवले तरी बिघडणार नाही. आणि हो, भारताच्या पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराला परवानगी नाही.