लॉग कुणाच्या भरवशावर?

आपल्या हॉस्टेलच्या गेटवर वॉचमनकाकांचं रजिस्टर असतं. उशिरा आलात की नाव, वेळ, सही. आता समजा, काकांनी एखाद्याला आत सोडलंच नाही, परत पाठवलं आणि त्याची नोंदही खोडून टाकली. सकाळी रेक्टरसर विचारणार, "रात्री कोण आलं होतं?" रजिस्टर म्हणणार, कुणीच नाही!

हसू नका मंडळी. गेल्या उन्हाळ्यात महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत इंटर्नशिप करताना मी नेमकं हेच केलं. ईजेबीवर चालणारं जुनं बिलिंग अ‍ॅप्लिकेशन होतं. "एरर आली की टेबलात नोंद कर," असं सांगितलं होतं. मी केली, पण त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये! एका रात्री बिलं अडकली. टेबल उघडलं तर कोरं करकरीत. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं होतं आणि त्याच्यासोबत माझी नोंदही. म्हणजे सगळं सुरळीत असताना लॉगच लॉग आणि बिघडलं की गायब. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या सपोर्टच्या मुलाला "तूच काहीतरी केलंस" म्हणून दोन दिवस बोलणी खावी लागली. चूक माझी होती. मी ती कबूल केली, पण दोन दिवसांनी, हेही खरं.

उपाय तसा सोपा. नोंद करणारी मेथड वेगळ्या बीनमध्ये ठेवून तिला 'रिक्वायर्स न्यू' लावायचं, म्हणजे तिचं ट्रान्झॅक्शन स्वतंत्र होतं. त्याच बीनमधून 'धिस'ने बोलावली तर मात्र कंटेनरला पत्ताच लागत नाही, अ‍ॅनोटेशन नुसतं शोभेला! तरी माझं मत असं की टेबलात फक्त ऑडिटच्या नोंदी असाव्यात, म्हणजे कुणी, कधी, किती रुपये फिरवले. डीबगिंगची बडबड तिथे नकोच.

मग थेट फाइलमध्ये? ईजेबी २.० (२००१) चं स्पेसिफिकेशन सांगतं की बीनने जावा आयओ वापरून फाइलला हात लावू नये. हा नुसता सोवळेपणा नाही. क्लस्टरमध्ये तोच बीन आज या मशीनवर, उद्या त्या मशीनवर चालतो. तुम्ही शोधणार कुठली फाइल? आणि दोन जेव्हीएम एकच फाइल रोटेट करायला लागले तर नोंदी हरवतात त्या वेगळ्याच.

म्हणून बीनला फक्त एसएलएफफोरजे माहीत असावं. मागे लॉगबॅक आहे की जावाचं स्वतःचं लॉगिंग, लॉग जाणार कुठे, हे सगळं कॉन्फिगरेशनने ठरवावं. यात काय फायदा, ते डिसेंबर २०२१ मध्ये कळलं. लॉगफोरजे २ मध्ये असं भोक सापडलं की बाहेरच्या माणसाने पाठवलेली एक ओळ नुसती लॉग केली तरी सर्व्हर त्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. ज्यांच्या कोडमध्ये लायब्ररी जागोजागी चिकटलेली नव्हती, त्यांना ती बदलणं तेवढं सोपं गेलं.

"पण कंटेनरच्या जमान्यात सगळे स्टँडर्ड आउटपुटवरच लिहितात, मग प्रिंटलाइन काय वाईट?" असं माझा रूममेट म्हणतो. जागा चांगलीच आहे रे, पण प्रिंटलाइनला ना लेव्हल, ना वेळ, ना थ्रेडचं नाव. प्रॉडक्शनमध्ये बंद करायची तर कोडच खोडायला हवा.

शिवाय आता हा आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते. महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये नोकरीला लागाल तेव्हा हे तुमच्याच गळ्यात पडणार आहे. (आणि लॉगमध्ये पासवर्ड, ओटीपी छापू नका रे बाबांनो!)

आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये मात्र लॉगिंगला कुणी विचारत नाही. स्टाफला एक विनंती आहे. डेमो रंगात आला की डेटाबेस बंद करायला सांगा, आणि मग म्हणा, "दाखवा लॉग."