सिंगापूर फिरा खिशाला परवडेल असे

परदेश सहलीचे बजेट ठरवताना आपण विमान आणि हॉटेल यांचेच हिशोब करतो. पण चौघांचे कुटुंब दिवसभर टॅक्सीने फिरू लागले की त्या बजेटला गळती लागते. सिंगापूरसारख्या महागड्या शहरात हे फार लवकर घडते. थोडी तयारी केलीत, तर तिथली मेट्रो आणि बसच तुमचे निम्मे काम सोपे करतील.

घरून निघण्यापूर्वी

व्हिसासोबतच 'एसजी अरायव्हल कार्ड' हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरा. हा फॉर्म मोफत आहे, त्यामुळे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही हे ओळखा.

बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर सुरू करून ठेवा, नाहीतर तिथे कार्ड चालणार नाही. परकीय चलनावर बँक किती शुल्क घेते तेही विचारा. दुकानदाराने 'रुपयांत की डॉलरमध्ये?' असे विचारले तर डॉलरच सांगा. रुपयांत बिल केल्यास दर बहुधा महागच पडतो.

विमानाची वेळ बघा

रात्री उशिरा पोहोचणारे तिकीट स्वस्त दिसते. पण मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि मध्यरात्र ते पहाटे ६ या वेळेत टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के जादा आकार लागतो. म्हणून तिकीट काढतानाच हा खर्च त्यात मिळवून बघा. दिवसा उतरलात तर चांगी विमानतळाच्या टर्मिनल २ आणि ३ जवळच मेट्रो स्टेशन आहे.

मेट्रो आणि बस

कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड गेटवर टेकवले की काम झाले, तिकिटाची रांग नाही. मेट्रोची एक फेरी साधारण सव्वा ते अडीच सिंगापूर डॉलरमध्ये होते. मात्र या गोष्टी लक्षात ठेवा :

• प्रत्येकाला वेगळे कार्ड लागते. एका कार्डावर दोघे जाऊ शकत नाहीत. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी स्टेशनवर प्रवासी कार्ड घ्या.

• परदेशी बँक कार्डावर थोडे जादा शुल्क लागते. मुक्काम मोठा असेल तर स्थानिक कार्ड घेणे फायद्याचे.

• बसमधून उतरतानाही कार्ड टेकवा. विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते.

• ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुले मोठ्यांसोबत मोफत प्रवास करतात.

• मेट्रोमध्ये खाणेपिणे चालत नाही, दंड होतो. मुलांचा खाऊ पिशवीतच राहू द्या.

पोटपूजा आणि भटकंती

जेवणासाठी हॉकर सेंटर गाठा. एका छपराखाली अनेक स्टॉल असतात आणि दर हॉटेलपेक्षा बरेच कमी. शाकाहारी असाल तर लिटिल इंडियात इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळे मिळेल. जेवण झाल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, तिथे तो नियमच आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, म्हणून प्रत्येकाची बाटली सोबत ठेवा.

पाहण्यासारखे बरेच काही मोफत आहे. जागतिक वारसा यादीतील बोटॅनिक गार्डन, मर्लायन पार्क आणि गार्डन्स बाय द बे येथील उंच 'सुपरट्री'वरचा संध्याकाळचा लाइट शो, यांना तिकीट नाही. तिकिटाचे पैसे मुलांना खरोखर हव्या असलेल्या एक-दोन ठिकाणांसाठी राखा.

काटकसर कुठे थांबवावी

आजी-आजोबा सोबत असतील तर स्टेशन बदलताना बरेच चालावे लागते, हे विसरू नका. बहुतेक स्टेशनांत लिफ्ट आहे, ती शोधा. दिवसभर फिरून त्यांचे गुडघे दुखू लागले की मात्र सरळ टॅक्सी बोलवा. चौघांत विभागले तर ते भाडे फार वाटत नाही. प्रवास विमाही टाळू नका, कारण परदेशातले इस्पितळाचे एक बिल सगळी बचत गिळून टाकते. तिथे रुग्णवाहिकेसाठी ९९५ आणि पोलिसांसाठी ९९९ हे क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करा.