सोर्स कोड खुला, पण राबायचे कोणी?

बँकेचा व्यवहार, खासगी पत्रव्यवहार, संघटनेची सभासद-यादी या साऱ्यांची गुप्तता आज कूटलेखनाच्या लायब्ररींवर अवलंबून आहे. ओपनएसएसएल ही त्यांतली प्रमुख. तिचा सोर्स कोड सर्वांना मोफत उपलब्ध आहे. तेवढ्यावरून ती जनतेच्या मालकीची झाली, असे काही जण मानतात. तयार पॅकेज मिळत असता ती आपल्या संगणकावर कंपाइल करण्याचा खटाटोप कशाला, असे इतर काही विचारतात. दोन्ही भूमिका भ्रामक आहेत.

हा खटाटोप तरी केवढा? सोर्स कोड उतरवून घ्यायचा, चेकसम आणि स्वाक्षरी पडताळायची, ‘नो-शेअर्ड’ हा पर्याय देऊन ‘कॉन्फिग’, मग ‘मेक’ आणि ‘मेक टेस्ट’ चालवायचे. स्टॅटिक लायब्ररी तयार होते. तो टाळण्याची किंमत २००८ साली उघड झाली. डेबियनच्या पॅकेजमध्ये २००६ साली केलेल्या फेरफारामुळे प्रत्येक प्रकारच्या व आकाराच्या किल्ल्यांची संख्या अवघ्या ३२,७६८ वर आली होती. मूळ सोर्स कोडमध्ये हा दोष नव्हता.

परंतु स्वतः कंपाइल केले म्हणजे मुक्ती मिळाली, हाही भ्रमच. स्टॅटिक लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटात कायमची जाऊन बसते. मार्च २०१२ च्या आवृत्तीत शिरलेला हार्टब्लीड हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. तेव्हा सिस्टिममधील लायब्ररी बदलून भागण्यासारखे नव्हते. जुनी प्रत पोटात असलेला प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने लिंक करणे भाग होते. २०२४ साली एक्सझेड या लायब्ररीत घातपात झाला, तेव्हा प्रकाशित गठ्ठ्यात बिल्डची अशी एक फाइल निघाली, जी सार्वजनिक भांडारात नव्हतीच. म्हणजे सोर्सपासून बांधणारादेखील फसला असता.

या दोन्ही घटनांच्या मुळाशी श्रमाचा प्रश्न आहे. २०१४ पूर्वी ओपनएसएसएलला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर होत्या. पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. तिच्या आधारावर प्रचंड नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी थैलीची गाठ सोडली, ती अनर्थ घडल्यानंतर. एक्सझेडची धुराही वर्षानुवर्षे एकट्या, विनावेतन स्वयंसेवकाच्या खांद्यावर होती आणि त्याच्या थकव्याचाच फायदा घेण्यात आला. सामाईक विहिरीचे पाणी सर्वांनी भरावे आणि गाळ मात्र एकट्याने उपसावा, अशातला हा प्रकार. याला सार्वजनिक मालकी म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान होय.

म्हणून उपायही व्यक्तिगत असू शकत नाही. विद्यापीठे, सहकारी बँका व सरकारी संगणक-संस्था यांनी अशा लायब्ररींच्या तपासणीसाठी आणि देखभालीसाठी नियमित पैसा व माणसे दिली पाहिजेत. प्रत्येक संघटनेत निदान दोघा-तिघांना सोर्सपासून बांधणी करता आली पाहिजे. कोणत्या प्रोग्रॅममध्ये कोणती आवृत्ती आहे याची नोंद त्यांनी ठेवली पाहिजे. दुरुस्ती प्रसिद्ध होताच फेरबांधणी झाली पाहिजे. ही शिस्त आणि हा खर्च पत्करला नाही, तर ‘खुला सोर्स’ ही भांडवलदारांना मिळालेली फुकट श्रमाची खाणच राहील.